दूरच्या ग्रहांची हवा

८ जून २००४ या दिवशी शुक्राने सूर्यबिंब ओलांडले, तो प्रसंग आपल्यापैकी कित्येकांना आठवत असेल. सकाळी पावणेअकराच्या सुमारास सूर्याच्या कडेवर एक काळा ठिपका उमटला आणि पुढे सहा तास तो त्या तेजोमय बिंबावरून संथपणे सरकत राहिला. मी तो लहानशा दुर्बिणीने पांढऱ्या कागदावर पाडलेल्या प्रतिमेत पाहिला. शेजारची मुले भोवती जमली होती. त्यांतील एका मुलीने काही वेळ कागदाकडे पाहिले आणि विचारले, "एवढाच?" तिचे म्हणणे खोटे नव्हते. सूर्यबिंबाच्या रुंदीचा अवघा बत्तिसावा हिस्सा भरेल एवढा तो ठिपका. त्याच्यासाठी वर्तमानपत्रांनी आणि वेधशाळांनी एवढी धांदल का करावी, हे तिला कळू नये यात नवल काय? परंतु श्रोतेहो, आज शेकडो प्रकाशवर्षे दूर असलेल्या ग्रहांवर कोणते वायू आहेत हे माणूस सांगू लागला आहे, आणि ते सर्व ज्ञान असल्याच एका ठिपक्याच्या कडेतून त्याने काढले आहे. ते कसे काढले आणि त्यावर विश्वास किती ठेवावा, हे दोन प्रश्न घेऊन मी आपल्यापुढे आलो आहे.

प्रारंभ शुक्रापासूनच करू. १७६१ साली शुक्राचे असेच अधिक्रमण झाले, तेव्हा रशियातील पीटर्सबर्ग येथे लोमोनोसोव्ह हा बहुश्रुत पंडित आपल्या घरातून वेध घेत बसला होता. शुक्राचा ठिपका सूर्याच्या कडेशी आला असताना त्या कडेचे स्वरूप त्याला नेहमीपेक्षा निराळे भासले, आणि त्यावरून त्याने अनुमान केले की शुक्राभोवती पृथ्वीसारखेच, कदाचित त्याहूनही दाट, वातावरण असले पाहिजे. त्याला त्या दिवशी नेमके काय दिसले याविषयी आजच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. अनुमान मात्र खरे ठरले. एखादा नुसता दगडाचा गोळा सूर्यासमोरून गेला, तर त्याची कड सुरीने कापल्यासारखी धारदार दिसेल. तोच गोळा हवेने वेढलेला असेल, तर त्याच्या भोवती एक अत्यंत पातळ कडे असे असते की, ज्यातून सूर्याचा प्रकाश पुरता अडतही नाही आणि पुरता सुटतही नाही. गाळणीतून गाळून यावा तसा तो त्या हवेतून गाळून येतो.

हा गाळलेला प्रकाश काय सांगतो, ते समजण्यासाठी वर्णपटाची थोडी ओळख हवी. ऑग्युस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ मध्ये असे लिहिले होते की, ताऱ्यांची अंतरे आणि गती आपण मोजू, परंतु ते कोणत्या द्रव्याचे बनले आहेत हे मनुष्यास कधीही कळणार नाही. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आत किर्खहॉफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशाच्या वर्णपटात आपापल्या ठरावीक जागीच रेषा उमटवते. चुलीच्या ज्वाळेत मिठाची चिमूट टाकली की ज्वाळा पिवळी होते, ती मिठातील सोडियममुळे. आणि आपल्या शहरांतील रस्त्यांवर वर्षानुवर्षे जळत आलेले पिवळे दिवे त्याच सोडियमचे. तप्त सोडियम ज्या रंगाचा प्रकाश देते, नेमका तोच रंग थंड सोडियम पलीकडून येणाऱ्या प्रकाशातून गिळून टाकते. या विद्येचा एक मोठा विजय आपल्या देशाच्या भूमीशी निगडित आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात आंध्रातील गुंटूर येथे जान्सेन या फ्रेंच ज्योतिर्विदाने सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी इंग्लंडात लॉकियर यांनीही तो पाहिला. आणि त्यात आढळलेली एक पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात द्रव्याशी जुळेना. ती हेलियमची होती. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ साली! सूर्यावर आधी आणि घरात नंतर, असा हा शोध आहे.

मग हीच युक्ती इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांना का लावू नये? अडचण अशी की, ते ग्रह दिसतच नाहीत. ताऱ्याच्या झगझगाटात ग्रह असा बुडून जातो की, सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह फिरतो याचा पहिला भक्कम पुरावा मिळण्यास १९९५ साल उजाडावे लागले. स्वित्झर्लंडमधील मेयर आणि केलो यांनी तो मिळवला, आणि तोही ताऱ्याच्या किंचित डळमळण्यावरून. आता एखाद्या ग्रहाची कक्षा योगायोगाने आपल्या दृष्टीच्या रेषेत आडवी असेल, तर तो ग्रह दर फेरीला आपल्या ताऱ्यासमोरून जाईल आणि ताऱ्याचा प्रकाश तेवढ्यापुरता मंद होईल. पण हा योग दुर्मीळ आहे. दूर कोठे कोणी आपली पृथ्वी पाहत असेल, तर तिचे अधिक्रमण त्याला दिसण्याची शक्यता शंभरात अर्धीच आहे. आणि दिसले, तरी सूर्यप्रकाशात घट किती व्हावी? बारा हजारांत एक भाग.

हा योग प्रथम जुळून आला तो १९९९ साली. महाश्व तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे १६० प्रकाशवर्षांवर, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा परंतु साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून सहज सापडणारा एक तारा आहे. त्याचे नाव एचडी २०९४५८. नाव कसले, कचेरीतील फाइलीचा क्रमांकच तो! पण ज्योतिर्विदांना त्याच्याविषयी जे ममत्व आहे, ते व्याधाविषयी किंवा अगस्त्याविषयीही नसेल. डेव्हिड शार्बोनो या तरुण विद्यार्थ्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अवघ्या चार इंच व्यासाच्या दुर्बिणीने त्या ताऱ्याचा प्रकाश रात्रभर मोजला, आणि ठरल्या वेळी तो सुमारे दीड टक्क्याने उतरून काही तासांनी पूर्ववत झाल्याचे त्यांना दिसले. त्याच सुमारास ग्रेग हेन्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही स्वतंत्रपणे तेच टिपले. साडेतीन दिवसांत ताऱ्याभोवती एक फेरी घालणारा, गुरूहून आकाराने मोठा परंतु वजनाने हलका असा तो वायूचा गोळा होता. ताऱ्याच्या इतक्या निकट असल्यामुळे तो भट्टीसारखा तापलेला आणि फुगलेला आहे. फुगलेला, म्हणजेच त्याच्या हवेचे कडे रुंद. आणि म्हणूनच ते तपासण्यास सोपे.

सोपे हा शब्द मी जपून वापरायला हवा होता. पद्धत अशी असते. अधिक्रमण चालू असताना ताऱ्याचा प्रकाश वर्णपटात पसरून रंगागणिक मोजावयाचा आणि तो अधिक्रमणापूर्वीच्या व नंतरच्या प्रकाशाशी ताडून पाहावयाचा. ज्या रंगाला ग्रहाची हवा गिळते, त्या रंगात ग्रह थोडा मोठा दिसणार, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश थोडा अधिक घटणार. साऱा सीगर आणि डिमिटार ससेलॉव्ह यांनी २००० साली भाकीत केले की, अशा तप्त ग्रहांच्या बाबतीत सोडियमचा पिवळा रंग प्रथम पकडला जाईल. शार्बोनो यांनी हबल या अवकाश दुर्बिणीने चार अधिक्रमणे पाहिली आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला की, सोडियमच्या रंगात प्रकाश इतर रंगांपेक्षा खरोखरच अधिक घटतो. किती अधिक? दहा हजारांत सुमारे दोन भाग. रुपयाच्या हिशेबात सांगावयाचे तर शंभर रुपयांत दोन पैसे. दुसऱ्या सूर्याच्या ग्रहावरील हवेचा हा पहिला पुरावा म्हणून जगभर गाजला.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती सहसा सांगितली जात नाही. २०२० आणि २०२१ साली काही संशोधकांनी याच ताऱ्याचे वेध जमिनीवरील मोठ्या दुर्बिणींनी, कितीतरी बारकाईने घेतले आणि असे दाखविले की, सोडियमची ती खूण ग्रहाच्या हवेवाचूनही उमटू शकते. तारा स्वतःभोवती फिरत असतो. त्याची एक बाजू आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते, आणि त्याच्या मध्यभागाचा प्रकाश व कडेचा प्रकाश एकसारखे नसतात. ग्रह ताऱ्याचा जो भाग झाकतो, तो वजा झाल्यावर उरलेल्या प्रकाशाचे मिश्रण बदलते, आणि त्या बदलालाच आपण ग्रहाची हवा समजण्याचा धोका असतो. इतर ग्रहांवर सोडियम आढळल्याचे चांगले पुरावे आहेत, त्यामुळे पद्धत खोटी ठरली नाही. पण ज्या ग्रहाने या शास्त्राचा पाया घातला, त्याच्याच सोडियमविषयी शंका निघावी, हे मला या विषयातील सर्वांत बोधक प्रकरण वाटते. आपण ग्रहाचा प्रकाश पाहत नसतो. जो प्रकाश आपल्यापर्यंत पोचला नाही, त्याचा हिशेब आपण मांडत असतो, आणि तो मांडताना दिव्याचे गुणदोष दिव्याच्याच पदरी घालावे लागतात.

हे काम अवकाशातून का करावे लागते, असे कोणी विचारील. काही वेध जमिनीवरूनही घेतले जातात. परंतु आपल्या डोक्यावर स्वतःची हवा आहे, तीत पाण्याची वाफ आहे, कार्बन डायऑक्साइड आहे. दूरच्या ग्रहावरील वाफ शोधताना आपलीच वाफ मध्ये आडवी येते. शिवाय हवेच्या हालचालीने तारे लुकलुकतात. ते कवीला प्रिय असले, तरी दहा हजारांत दोन भाग मोजणाऱ्याला मुळीच नव्हे. हबल दुर्बीण हवेच्या वर होती, पण ती पृथ्वीभोवती सुमारे दीड तासात एक फेरी घालते, आणि प्रत्येक फेरीत पृथ्वीच मध्ये येऊन वेध तुटतो. मुळात १९९० साली ती सोडली, तेव्हा सूर्यासारख्या ताऱ्यांचे असे ग्रह ठाऊकच नव्हते.

२५ डिसेंबर २०२१ रोजी सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने ही उणीव भरून काढली. ती पृथ्वीपासून सुमारे १५ लक्ष किलोमीटर अंतरावर, सूर्याच्या विरुद्ध दिशेला राहते, त्यामुळे एकाच ताऱ्याकडे ती तासन्‌तास टक लावू शकते. तिचा आरसा साडेसहा मीटर रुंदीचा असून सोन्याचा मुलामा दिलेल्या अठरा षट्कोनी तुकड्यांचा आहे. ती मुख्यतः अवरक्त प्रकाश पाहते, म्हणजे जो डोळ्यांना दिसत नाही परंतु उष्णतेच्या रूपाने जाणवतो तो. आणि पाणी, मिथेन, कार्बन डायऑक्साइड यांच्या ठळक खुणा याच प्रकाशात असतात. स्वतःच्या उष्णतेने ती आंधळी होऊ नये, म्हणून टेनिसच्या मैदानाएवढी पाच पदरी छत्री तिला सूर्यापासून झाकते, आणि तिच्यातील एक उपकरण तर उणे २६६ अंशांपर्यंत थंड ठेवावे लागते.

तिचे पहिले मोठे यश २०२२ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाले. कन्या राशीत, सुमारे ७०० प्रकाशवर्षांवर, वास्प-३९ बी नावाचा ग्रह आहे. वजनाने जवळजवळ शनीएवढा, आकाराने गुरूहून मोठा, आणि तापमान नऊशे अंशांच्या आसपास. त्याच्या अधिक्रमणाचा आलेख काढला, तेव्हा कार्बन डायऑक्साइडच्या जागी एक टेकडी अशी स्पष्ट उभी राहिली की, तिच्यासाठी वकिली करावी लागली नाही. त्याच आलेखात आणखी एक लहान उंचवटा होता. तो कशाचा, हे प्रथम कळेना. शोधाअंती तो सल्फर डायऑक्साइडचा, म्हणजे गंधक जाळला असता जो घसा धरणारा वायू निघतो त्याचा, असल्याचे ठरले. हा वायू त्या ग्रहावर आपोआप साठलेला नाही. ताऱ्याच्या किरणांनी पाण्याचे रेणू फुटतात, त्यांचे तुकडे गंधकाशी संयोग पावतात आणि तो तयार होतो. आपल्या हवेतील ओझोनही सूर्यकिरणांच्या अशाच कारागिरीने बनतो. परक्या सूर्याच्या उजेडात परक्या हवेत चाललेली रासायनिक क्रिया मनुष्याने प्रथमच ओळखली होती. मला विचाराल, तर वेबच्या साऱ्या रंगीबेरंगी चित्रांपेक्षा हा करडा आलेख अधिक देखणा आहे.

आता ज्या प्रश्नासाठी वर्तमानपत्रे या विषयाकडे वळतात, त्याकडे येऊ. सिंह राशीत सुमारे १२४ प्रकाशवर्षांवर एका लहान तांबड्या ताऱ्याभोवती के२-१८ बी हा ग्रह फिरतो. त्याचे वर्ष ३३ दिवसांचे, व्यास पृथ्वीच्या अडीच पटींहून थोडा अधिक, वजन सुमारे साडेआठ पट. २०१९ साली हबलच्या वेधांवरून तेथे पाण्याची वाफ सापडल्याचे जाहीर झाले आणि पुष्कळ गाजावाजा झाला. २०२३ साली वेबने तोच ग्रह पाहिला, तेव्हा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आढळले. वाफेची स्पष्ट खूण आढळली नाही. हबलला जी अरुंद खिडकी उपलब्ध होती, तीत पाणी आणि मिथेन यांच्या खुणा एकमेकींवर पडतात, आणि मिथेनलाच पाणी समजले गेले असण्याचा संभव आहे.

वेबचे हे वेध घेणाऱ्या गटाचे प्रमुख केंब्रिजचे निक्कू मधुसूदन. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या तंत्रसंस्थेत शिकून ते अमेरिकेस गेले आणि ज्यांनी सोडियमचे भाकीत केले होते, त्या साऱा सीगर यांच्याच हाताखाली त्यांनी संशोधन केले. या ग्रहावर हायड्रोजनच्या हवेखाली सर्वव्यापी महासागर असावा, अशी त्यांची कल्पना आहे. इतर कित्येकांना तो नेपच्यूनच्या जातीचा, पाय टेकण्यास जागा नसलेला ग्रह वाटतो. एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्या गटाने प्रसिद्ध केले की, डायमिथिल सल्फाइड किंवा त्याच्याच जवळचा एक वायू तेथे असल्याची चिन्हे दिसतात. हा वायू आपल्या पृथ्वीवर मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींपासून निर्माण होतो. समुद्रकाठी गेल्यावर जो विशिष्ट वास येतो, त्यात त्याचा वाटा आहे. मग काय विचारता! दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत तेथे सजीव वसलेही होते.

मधुसूदन यांनी स्वतः पुरावा अपुरा असल्याचे सांगितले होते, हे त्यांच्या न्यायासाठी नमूद केले पाहिजे. मोजमापातील निव्वळ खळबळीने अशी खूण उमटण्याची शक्यता त्यांच्या हिशेबाने हजारांत तीन होती; शास्त्रात शोध म्हणून मान्यता मिळण्यासाठी ती लक्षांमध्येही एकाहून कमी असावी लागते. पण माझ्या मते खरी अडचण या आकड्यात नाही. पोलिसांची ओळखपरेड आपण ऐकून आहोत. रांगेत दोनच माणसे उभी केली, तर साक्षीदार त्यांतील एकाकडे बोट दाखवणारच. खरा गुन्हेगार रांगेत नसला तरी. इतर शास्त्रज्ञांनी तीच मोजमापे घेऊन रांगेत आणखी अनेक वायू उभे केले, तेव्हा त्यांतील कित्येक तितकेच चांगले जुळले. काहींना तर साधी सरळ रेषाही पुरेशी वाटली, म्हणजे उंचवटा मुळात आहे की नाही हाच प्रश्न उरला. शिवाय डायमिथिल सल्फाइड एका धूमकेतूवर आढळले आहे, आणि प्रयोगशाळेत नुसत्या वायूंवर प्रकाश पाडूनही ते बनवता आले आहे. धूमकेतूवर तर शेवाळ नाही. तेव्हा तो वायू सिद्ध झाला, तरी सजीव सिद्ध होत नाहीत. एवढे कबूल करून मी असेही म्हणेन की, पुरावा इतक्या तावून सुलाखून पाहिला जातो, याचाच मला आनंद वाटतो. १२४ वर्षांपूर्वी निघालेल्या प्रकाशातून कोणी समुद्राच्या वासाविषयी तंटा करावा, हे कोंत यांच्या स्वप्नातही आले नसते.

पृथ्वीएवढ्या, खडकाळ ग्रहांचे काय? सूर्यासारख्या ताऱ्यापुढे असा ग्रह आला, तर त्याच्या हवेच्या कड्याने घडणारा फरक दहा लक्षांत एका भागाएवढा असतो, आणि तो मोजणे आज कोणत्याही दुर्बिणीस साधणारे नाही. म्हणून शोध वळला आहे तो लहान ताऱ्यांकडे. कुंभ राशीत ४० प्रकाशवर्षांवर ट्रॅपिस्ट-१ नावाचा एक मंद तांबडा तारा आहे, आकाराने गुरूहून थोडाच मोठा. त्याच्याभोवती पृथ्वीच्या आकाराच्या आसपासचे सात ग्रह असल्याचे २०१७ साली जाहीर झाले, आणि सातही ग्रह आपल्या दृष्टीने त्याच्यासमोरून जातात. बिंब लहान, म्हणून ठिपका त्या मानाने मोठा.

सर्वांत आतल्या ग्रहाचा, बीचा, वेध निराळ्या रीतीने घेतला. तो ताऱ्याच्या मागे दडला असताना केवळ ताऱ्याची उष्णता मोजावयाची आणि तो बाहेर असतानाच्या एकत्रित उष्णतेतून ती वजा करावयाची. जी उरली ती ग्रहाची. २०२३ साली ती मोजली, तेव्हा त्याच्या दिवसाच्या बाजूचे तापमान सुमारे २३० अंश भरले. दाट हवा असती, तर तिने उष्णता रात्रीच्या बाजूला वाटून दिली असती आणि तापमान एवढे भरले नसते. उघड्या खडकाचे जसे असावे तसेच ते आहे. त्यापुढच्या सी ग्रहावरही शुक्रासारखी दाट हवा नसल्याचे त्याच वर्षी दिसून आले. सर्वांचे डोळे लागले आहेत ते चौथ्या ग्रहाकडे, ईकडे. कारण त्याच्याभोवती हवा असेलच, तर त्याच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल, अशा अंतरावर तो आहे.

ईच्या चार अधिक्रमणांचे निष्कर्ष २०२५ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाले. हवा आहे असे त्यांवरून म्हणता येत नाही, आणि नाही असेही म्हणता येत नाही. अडथळा पुन्हा दिव्याचाच. हा तारा डागांनी भरलेला आणि चंचल आहे. त्याच्या थंड डागांचे स्वतःचे वर्णपट असतात, आणि ते डाग एका अधिक्रमणापासून दुसऱ्यापर्यंत बदलतात. पण या अडचणीवर शास्त्रज्ञांनी जो तोडगा काढला आहे, तो ऐकण्यासारखा आहे. कधी कधी बी आणि ई हे दोन ग्रह काही तासांच्या अंतराने, लागोपाठ ताऱ्यासमोरून जातात. बीवर दाट हवा नाही हे आता ठाऊक आहे. तेव्हा बीच्या अधिक्रमणात वर्णपटात जे उंचवटे दिसतील, ते ताऱ्याच्या डागांचे. ते ईच्या वर्णपटातून वजा करावयाचे, आणि काही उरते का ते पाहावयाचे. अशी जोडीची अधिक्रमणे वेबने टिपण्यास आरंभही केला आहे, आणि कोरडा, तापलेला, कोणीही ज्याच्याकडे आशेने पाहत नव्हते असा बी ग्रह त्या कामात आता तराजूचे माप होऊन बसला आहे.